गावचा ठेवा गावी यावा काय?

चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगराच्या कुशीत एके काळी पाटण नावाचे भरभराटीचे नगर होते. आज तेथे नगर नाही. डोंगर आहे, रान आहे, आणि रानात आई चंडिकेचे, म्हणजे आपल्या पाटणादेवीचे देऊळ आहे. खानदेशातील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी एकदा तरी तेथे नवस फेडावयास गेलेला असतो. ह्या देवळात एक शिलालेख आहे. दर्शनाच्या घाईत तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो, परंतु खानदेशच्या इतिहासात त्याच्या तोडीचा दगड क्वचितच सापडेल.

लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७. थोर गणिती भास्कराचार्य ह्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ व इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला, आणि ह्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्याने त्या मठास उत्पन्न लावून दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र, जेथे प्रत्यक्ष देण्याघेण्याचा व्यवहार येतो, तेथे लेख सरळ मराठीत उतरतो. बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला द्यावे. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी घाण्यामागे पळीभर तेल द्यावे. अशा अर्थाचा तो मजकूर आहे. वर्णन संस्कृतात शोभते, पण तेल कोणी किती घालावयाचे हे तेल्याला कळले पाहिजे ना! देणगीदारांची नावे व रकमा दगडावर कोरण्याची आजची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे.

डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी इ. स. १८६५ च्या सुमारास हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. त्या काळी असे दगड उचलून मुंबईस किंवा विलायतेस पाठविणे अशक्य नव्हते, कित्येक गेलेही. हा मात्र राहिला. त्या मराठी भागाचा आरंभच मुळी ‘ह्या पाटणात’ अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. दगड लंडनच्या एखाद्या दालनात काचेआड उभा असता तर अक्षरे तीच राहिली असती, परंतु ‘ह्या’ हा एक शब्द खोटा ठरला असता. नगर मोडले, मठ गेला, घाणे थांबले; तरी तो दगड जेथे उभा आहे तेथे तो शब्द आठशे वर्षांनंतरही खरा आहे. देशोदेशीच्या वस्तुसंग्रहालयांनी आपल्याकडील वस्तू मूळ ठिकाणी परत कराव्यात की नाहीत, हा जो वाद गेली पन्नास वर्षे जगभर चालू आहे, त्याचे मर्म पाटणच्या ह्या एका शब्दात सापडते.

सगळ्याच वस्तूंच्या नशिबी असे जागेवर राहणे नव्हते. पाटणपासून फार दूर नाही, सातमाळ्याच्या त्याच रांगेत, कन्नड तालुक्याच्या हद्दीत पण चाळीसगावकरांच्या पायवाटेवर, पितळखोऱ्याची लेणी आहेत. अजिंठ्याच्या पुष्कळ लेण्यांहून ती जुनी. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने लेण्यांपुढील दगडमातीचा ढिगारा उपसला तेव्हा त्यातून एक ठेंगणा, सुटलेल्या पोटाचा, तोंडभर हसणारा यक्ष निघाला. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत करणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : कान्हदास, आणि त्याचा धंदा सोनाराचा. सोनाराने दगडाला हात घातला आणि दागिन्यासारखा नाजूक यक्ष घडविला, ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज तो यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हसत बसला आहे. तसेच चोपडा तालुक्यातील चहार्डी येथील भगवान ऋषभनाथांची नवव्या शतकातील धातुमूर्ती मुंबईच्या म्युझियममध्ये, ज्याला आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, तेथे आहे.

ह्या दोन्ही वस्तूंबाबत कोणी लूट केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओढ्याच्या कडेला उघड्यावर पडलेला यक्ष पावसाळ्यात वाहून गेला असता किंवा एखाद्या रात्री पाठीवर टाकून कोणी नेला असता. सरकारने त्याला सांभाळले हे चांगलेच झाले. परंतु दिल्लीस लालकिल्ला पाहून परत येणाऱ्या आपल्याकडील मंडळींपैकी कितीजणांना कान्हदासाची आठवण होते? निदान त्या यक्षाची एक हुबेहूब प्रतिकृती आणि त्याच्या हातावरील ओळीचा अर्थ चाळीसगाव, पाचोरा, भडगाव इकडच्या शाळकरी मुलांना पाहावयास मिळणे, हा त्यांचा हक्क आहे. तो मागितल्याशिवाय कोणी आपण होऊन आणून देणार नाही.

‘वस्तू आमच्याकडे सुरक्षित आहे, तुमच्याकडे राहिली असती तर नष्ट झाली असती,’ हे परदेशी संग्रहालयांचे ठरलेले उत्तर असते. त्यात अजिबात तथ्य नाही असे नाही. पण ह्या उत्तराची परीक्षा पाहावयाची तर जळगावपासून अवघ्या साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याचा इतिहास पाहावा.

इ. स. १८१९ च्या एप्रिलात शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी बाहेरच्या जगाला दाखविली. (डोंगराखालच्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती, हे सांगावयास नकोच.) दहा-पंधरा वर्षांतच मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड नावाचे विद्वान गृहस्थ तेथे आले. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे चित्र आहे. जुने प्रवासी त्याला राशिचक्र समजत. त्या चित्रातील काही आकृती मुंबईच्या संग्रहात न्याव्यात म्हणून डॉक्टरसाहेबांनी भिंतीवरून सोलून काढल्या. त्यांचा भुगा झाला. संग्रहात काही पोहोचले नाही आणि भिंतीवर कायमचे खांडे मात्र पडले. हे काम कोणा अडाण्याचे नव्हते, पुराणवस्तूंचा अभ्यास करणाऱ्या माणसाचे होते, म्हणून ते अधिक लागते. अजिंठ्याच्या रंगीत गिलाव्याचा एक तुकडा पुढे समुद्रापार अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयातही जाऊन पोहोचला.

त्यानंतर कंपनी सरकारने चित्रांच्या नकला करून घेण्यासाठी मद्रास पलटणीतील रॉबर्ट गिल ह्यास नेमले. १८४४ पासून ह्या माणसाने आयुष्य अजिंठ्यास वाहिले. तापाने आजारी पडे, उठे, पुन्हा लेण्यात जाई. त्याच्या व पारूच्या प्रेमाची कथा आपल्याकडे घरोघर माहीत आहे, तिचा विस्तार येथे नको. त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात केलेल्या नकला विलायतेस रवाना झाल्या आणि लंडनजवळच्या स्फटिक महालात, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी टांगल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालास आग लागली आणि वीस-बावीस वर्षांच्या मेहनतीतले बहुतेक सगळे जळून गेले. गिल तरीही इकडेच राहिला. १८७९ मध्ये भुसावळ येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर आपल्या जळगाव जिल्ह्यातच आहे. रेल्वेने भुसावळ जंक्शनवरून रोज हजारो माणसे जातात, पण तिकडे वाट वाकडी करणारा विरळाच.

नकला पुन्हा करून घ्याव्या लागल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत दर हिवाळ्यात हे काम केले. ती कापडेही लंडनला गेली. १८८५ मध्ये तेथील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातही आग लागली आणि त्यांपैकी पुष्कळ भस्मसात झाली. म्हणजे सुरक्षिततेसाठी सात समुद्रांपलीकडे नेलेल्या नकला दोनदा जळाल्या, आणि वाघळांच्या व धुराच्या त्रासातूनही अजिंठ्याच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंतींचेही हाल झाले, हे खरेच. तेलवारनिस फासणारे, नावे कोरणारे, पर्यटकांना खूष करण्यासाठी तुकडे काढून देणारे, असे सर्व प्रकार तेथे झाले. पण सुरक्षितता लंडनची मिरास आहे, हे म्हणणे अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तरी निमूटपणे ऐकून घेऊ नये.

आता देवाच्या मूर्तीची गोष्ट वेगळी आहे. यक्ष, चित्र, तलवार ह्या पाहावयाच्या वस्तू. मूर्ती ही पाहावयाची वस्तू नव्हे. तिला स्नान लागते, वस्त्र लागते, नैवेद्य लागतो. ती ज्याच्या घरची, त्याच्या दारी तिची जागा.

मराठी माणसाला हे कोणी शिकवावयास नको. पंढरीचा विठ्ठल विजयनगरच्या कृष्णदेवरायाने आपल्या राजधानीस नेला आणि पैठणच्या संत भानुदासांनी, म्हणजे नाथमहाराजांच्या पणजोबांनी, तो परत आणला, असे आपली परंपरा सांगते. इतिहासाचे अभ्यासक ह्या कथेचा कस लावीत बसोत. हंपीचे ते भव्य विठ्ठलमंदिर आज रिकाम्या गाभाऱ्यानिशी उभे आहे आणि विटेवरची मूर्ती भीमेकाठी आहे. राजाने देवाचा काही अपमान केला नव्हता. उलट त्याच्यासाठी दगडी रथ, मंडप, अपार वैभव होते. कथेतल्या देवाला तरीही पंढरपूरच हवे होते. आजच्या वादातील दोन्ही बाजू ह्या एका कथेत आल्या आहेत, आणि वारकऱ्यांनी निकालही देऊन टाकला आहे.

असाच निकाल १९९१ साली प्रत्यक्ष लंडनच्या न्यायालयाने दिला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल. तामिळनाडूत तंजावर भागात पत्तूर नावाचे एक खेडे आहे. तेथील शिवमंदिर बाराव्या शतकातले, पण पार ढासळलेले. १९७६ मध्ये त्या आवारात खणताना एका मजुरास पंचधातूचा नटराज सापडला. तो त्याने विकला. हातोहात फिरत तो लंडनमध्ये एका परदेशी कंपनीच्या मालकीचा झाला, आणि डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये दिला असताना पोलिसांनी जप्त केला. कंपनीने दावा लावला. समोर उभे राहिले कोण? भारत सरकार होते, तामिळनाडू सरकार होते, आणि स्वतः पत्तूरचे ते पडके देऊळ होते! आपल्याकडे देवाच्या नावे जमीन असते, देवाच्या नावे दावा चालतो, पंच किंवा वहिवाटदार त्याच्या वतीने सही करतात, ह्यात नवल नाही. इंग्रजांच्या कायद्याला मात्र दगडविटांचे देऊळ वादी म्हणून उभे राहते हे नवीन होते. खालच्या न्यायालयाने १९८८ मध्ये आणि वरच्या न्यायालयाने १९९१ मध्ये देवळाचा हक्क मान्य केला. छप्पर उडालेल्या, पूजा थांबलेल्या देवळाचाही आपल्या देवावरील हक्क बुडत नाही, असा त्याचा अर्थ. जीर्णोद्धाराच्या कामी ज्यांनी यथाशक्ती हात लावला, त्या सर्वांना ह्या निकालाचे मोल विशेष वाटावे. नटराज त्याच वर्षी भारतात आला.

काशीच्या अन्नपूर्णेची हकीकत अशीच. १९१३ साली हिंदुस्थानात आलेल्या नॉर्मन मॅकेन्झी नावाच्या कॅनडातील एका वकिलाला गंगेकाठच्या देवळीतली लहानशी मूर्ती आवडली, आणि ती तेथून चोरून त्याला आणून देण्यात आली. शंभर वर्षे ती कॅनडातील रेजायना शहराच्या संग्रहात विष्णू म्हणून नोंदली गेली होती. एका हातात खिरीची वाटी आणि दुसऱ्या हातात पळी असलेला विष्णू कोणी पाहिला आहे? चूक लक्षात आल्यावर तेथील विद्यापीठाने आपण होऊन मूर्ती परत केली आणि १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या आवारात तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. मूर्ती ओळखण्यासाठीसुद्धा ती कोणाची, कोठची, हे माहीत असावे लागते, हे ह्यातून दिसते.

परंतु ‘परत’ म्हणजे नेमके कोठे? वर्तमानपत्रात ठळक मथळा येतो : अमुक देशाकडून इतक्या मूर्ती भारतास परत. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेने २९७ पुरातन वस्तू परत देण्याचे जाहीर केले. चांगली गोष्ट आहे. तथापि अशा वस्तूंपैकी बऱ्याच दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात ठेवल्या जातात. तेथे २०१९ मध्ये परत मिळालेल्या व जप्त केलेल्या वस्तूंचे एक दालनच उघडले आहे. तामिळनाडूत तर देवळादेवळांतील हजारो मूर्ती चोरीच्या भयाने तिरुवारूर येथील सरकारी मूर्तिकेंद्रात कुलपात आहेत. सणावाराला पोलिसांच्या पहाऱ्यात गावी यावयाचे आणि पुन्हा कुलपात जावयाचे, अशी कित्येक देवांची पाळी आली आहे. देशात परत येणे आणि गावात परत येणे ह्यांत अंतर आहे, आणि हे अंतर तोडावयाचे काम लंडन-अमेरिकेचे नव्हे, ते आपले.

कायद्याचीही अडचण आहे. चोरून नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेत १९७० मध्ये करार झाला. भारताने १९७७ मध्ये त्यास मान्यता दिली. पण तो मागच्या काळाला लागू होत नाही. इंग्रजी अमलात जे गेले ते ह्या कराराने परत मागता येत नाही. ब्रिटिश म्युझियमला तर त्यांच्या १९६३ च्या कायद्याने संग्रहातील वस्तू काढून देण्यास जवळजवळ बंदीच आहे. त्यामुळे साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये आलेली वाघनखे, जी ग्रँट डफच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास मिळाली होती, ती तीन वर्षांच्या कराराने, पाहुणी म्हणून आली. आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारने सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये मोजून ती विकत घेतली. आपली वस्तू आपणच विकत घ्यावयाची हे मनाला डाचते. पण न घेती तर ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात गेली असती, म्हणून सरकारने केले ते योग्यच केले.

आता थोडे आपल्या घरातही डोकावणे प्राप्त आहे.

‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे मोठ्या आवाजाच्या माणसासाठी सर्रास वापरतात. नाशिकला गोदाकाठी नारोशंकर राजेबहादूर ह्यांनी बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावरची ती घंटा. ती पोर्तुगीज घडणीची आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून निघाल्या आणि महाराष्ट्रातील अनेक देवळांत बांधल्या गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच. ह्या पराक्रमाचा अभिमान प्रत्येक मराठी माणसास आहे व असावाही. पण वाघनखांसाठी लंडनला पत्र लिहिणाऱ्यास वसईच्या एखाद्या ख्रिस्ती मराठी माणसाने, जो शेतकरी असेल, कोळी असेल, आपल्याच भाषेत विचारले की ‘भाऊ, आमच्या घंटेचे काय?’, तर तोंड फिरवून चालणार नाही. पावणेतीनशे वर्षे महादेवाच्या दारी वाजलेली घंटा उतरवा असे तो म्हणणारही नाही कदाचित. ती कोठून आली, कोणत्या साली ओतली, हे तिच्याखाली स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे, एवढे तर त्याचे देणे लागतेच.

धुळ्याचेही तसेच आहे. कै. शंकर श्रीकृष्ण देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगावच्या रामदासी मठांतून पायपीट करून समर्थ संप्रदायाची बाडे जमविली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती आहेत. समर्थांच्या हातचे वाल्मीकी रामायण तेथेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी आयुष्यभर वाडे, मठ, देशपांडे-कुलकर्ण्यांची दप्तरे धुंडाळली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. ह्या कागदांपैकी किती धुळ्याचे? बरेचसे बाहेरचे. उद्या एखाद्या मठाने म्हटले की आमचे बाड आम्हास द्या, तर?

येथे वस्तूवस्तूंत भेद करावा लागतो. कागदाला नैवेद्य लागत नाही. त्याला वाळवीपासून राखणारा आणि वाचणारा लागतो. राजवाड्यांच्या काळात जुनी दप्तरे वाण्याकडे पुड्या बांधावयास जात होती. जे धुळ्यास आले ते वाचले. म्हणून मूळ प्रत जपणाऱ्याकडे राहावी आणि जेथून ती आली त्या मठास तिची चांगली प्रत मिळावी, हे न्यायाचे. आज तर छायाचित्रांवरून शेकडो पानांची प्रत दोन दिवसांत होते. मूर्तीला हा नियम लावता येत नाही, कारण मूर्तीची नक्कल पोहोचली म्हणजे देव पोहोचला असे होत नाही.

उलट कधी कधी नक्कल पोहोचते आणि देव जातो. तामिळनाडूतीलच शिवपुरम गावात १९५१ मध्ये जमिनीतून चोळकालीन नटराज निघाला व देवळात ठेवला गेला. काही वर्षांनी तो दुरुस्तीसाठी मूर्तिकाराकडे पाठविला. परत आली ती हुबेहूब घडविलेली नवी मूर्ती. गावकरी तिचीच पूजा करीत राहिले. १९६५ मध्ये एका इंग्रज अभ्यासकाच्या पुस्तकातून कळले की खरा नटराज केव्हाच बाहेर गेला आहे. पुढे तो अमेरिकेतील नॉर्टन सायमन ह्या धनाढ्याने नऊ लाख डॉलरना घेतला; भारत सरकारने खटला भरला, तडजोड झाली आणि १९८६ मध्ये मूर्ती परत आली. हे सारे घडले ते एका साध्या डागडुजीच्या निमित्ताने, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जीर्णोद्धाराचा काळ हा देवळाच्या आयुष्यातला शुभ काळ, तसाच जोखमीचाही. नवा गाभारा, नवी फरशी, नवा कळस ह्यांच्या गडबडीत जुने वीरगळ पायरीला लागतात, झिजलेला नंदी पारामागे जातो, अक्षरांचा दगड चुन्याखाली बुजतो, किंवा तैलरंगाचे हात चढून चढून चेहराच हरवतो. खंडित मूर्ती नदीत सोडण्याची चाल आहे. धर्मशास्त्राप्रमाणे विसर्जन करावयाचे असेल तर त्याआधी जाणकाराला दाखविणे ह्यात अधर्म नाही. वाघळीचा शके ९९१ चा लेख आणि बहाळचा शके ११४४ चा लेख हे देवळांच्या आश्रयाने राहिले म्हणून आज वाचता येतात. बहाळचे देऊळ भास्कराचार्यांच्याच घराण्यातील अनंतदेवांनी बांधले, हे त्या दगडाने सांगितले नसते तर कोणी सांगितले असते? पाया खणताना काही सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरसाहेबांना वर्दी द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींसाठी १९७२ चा कायदा आहे, तो १९७६ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याप्रमाणे मूर्तीची फोटोसह नोंदणी होते. पुष्कळ गावांतील मंडळी नोंदणीस भितात, सरकार देव घेऊन जाईल असे त्यांना वाटते. नोंदणीने देव जात नाही. चोरी झाली तर तो कोणाचा, हे सिद्ध करण्याचे तेच साधन आहे.

समर्थांचे जन्मगाव जांब येथील राममंदिरातून २०२२ च्या ऑगस्टमध्ये मूर्ती चोरीस गेल्या. साऱ्या महाराष्ट्राचा जीव हळहळला, बोभाटा झाला, पोलिसांनी तपास लावला आणि दोन-तीन महिन्यांत मूर्ती हाती लागल्या. त्या ओळखणारी हजारो माणसे होती म्हणून हे घडले. जेथे ओळखणारे नसतात तेथे काय होते, हे तामिळनाडूतील श्रीपुरंदन गावात दिसले. पूजाअर्चा थांबलेल्या, कुलूपबंद देवळातून २००६ मध्ये नटराज गेला. गावाला पत्ताही नव्हता. २००८ मध्ये मूर्ती पाहावयास पोलीस आले तेव्हा गाभारा रिकामा दिसला. तोवर तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने पन्नास लाख डॉलरहून अधिक देऊन विकत घेतलेला होता, कागदपत्रेही रीतसर बनविलेली होती. ती खोटी ठरविली एका जुन्या छायाचित्राने. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेचे लोक देवळादेवळांतून फोटो काढीत हिंडत असत. १९९४ मध्ये त्यांनी ह्या नटराजाचाही फोटो देवळात उभे राहून काढून ठेवला होता. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी मूर्ती स्वतः दिल्लीस आणून दिली.

आज असा फोटो काढावयास पाँडिचेरीहून कोणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेतल्या पोराच्या हातातही कॅमेऱ्याचा फोन असतो. प्रत्येक मूर्तीचे पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी फोटो, जवळ लाकडी फूटपट्टी ठेवून. झीज, भेग, तुटलेले बोट ह्यांचा जवळून एकेक. वजन, उंची, कोणत्या कोनाड्यात असते ती जागा. आणि गावातील वृद्ध मंडळी तिच्याविषयी काय सांगतात ते चार ओळींत. एक प्रत देवस्थानच्या दप्तरी, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. पाथरवटाची छिन्नी जुन्या दगडाला लागण्याच्या आदल्या दिवशी हे काम उरकलेले असावे.